वाटीतले स्क्रू

मनामाच्या जुन्या बाजारात, अत्तरवाल्याच्या माडीवर
तोरिमा कंपनीचं सर्व्हिस सेंटर.
एकोणतीस वर्षं मी तिथं लोकांच्या रेडिओंच्या
पाठी उघडत बसलो.

पहिल्याच उन्हाळ्यात जपानहून इवामोतो आला.
टाय खिशात कोंबून फरशीवर बसला माझ्याशेजारी
आणि ऐकत राहिला, मी कुठं कुठं शिव्या घालतो ते.
शिव्या मराठीत होत्या. त्यानं त्याही वहीत उतरवल्या.
ही कुठल्या स्क्रूला? खुणेनं विचारलं.
मी दाखवला, तळाचा, कोपऱ्यातला,
ज्याच्यापाशी पोचायला आधी स्पीकर काढावा लागे.

पुढच्या मॉडेलात तो स्क्रू बाहेर आला होता.
मुरूडच्या माणसाची एक शिवी
समुद्र ओलांडून गेली
आणि डिझाइन होऊन परत आली.

मुहर्रकचे मच्छीमार रेडिओ पिशवीत का बांधतात, त्यानं विचारलं.
झाकणाला रबराची कड आली.
टॅक्सीवाला कॅसेट उलटायला गाडी का थांबवतो?
कॅसेट आपली आपण उलटू लागली.
गिऱ्हाइकांची रांग जिन्याखाली, अत्तरवाल्याच्या दारात.

तेव्हाही सगळं सोनं नव्हतं म्हणा.
एका सेटचं बटण गाडीतल्या उन्हानं वितळायचं.
इवामोतोनं ते रुमालात बांधून नेलं,
पोराचा पडलेला दात न्यावा तसं.

नेमकं बिघडलं कधी?
सेट असता तर मीटर लावून सांगितलं असतं.
कंपनीला मीटर कुठं लावायचा?

एका वर्षी इवामोतोऐवजी फॉर्म आला.
बारा रकाने. मॉडेल, तारीख, बिघाडाचा कोड, लागलेली मिनिटं.
'का' असा रकाना नव्हता.
मी समासात लिहायचो.
पत्र आलं: समासात लिहू नये, मशीन वाचत नाही.

मग दुबईच्या हॉटेलात मीटिंग.
एकच प्लेअर अकरा रंगांत मांडलेला.
मी विचारलं, यात नवीन काय?
सुटातल्या पोरानं बाराव्या रंगाचं नाव सांगितलं.

रात्री लिफ्टपाशी इवामोतो भेटला, केस पांढरे.
खिशातून काडेपेटीएवढी वस्तू काढून माझ्या कानाला लावली.
फीत नाही, चकती नाही, आत काहीच फिरत नव्हतं.
एक बाई गात होती, जवळून, खरखर नाही.
बाजारात कधी?
तो म्हणाला, कॅसेटचा विभाग फार मोठा आहे.
त्यांच्या साहेबाचा साहेब
माझ्याही साहेबाचा साहेब आहे.
वस्तू खिशात गेली. लिफ्ट आली.

आमचे मालक बू राशिद. त्यांचे आजोबा नाखुदा,
मोती काढणाऱ्या गलबतावर.
जपाननं मोती पिकवायला घेतले
आणि गलबत किनाऱ्यावर वाळत पडलं.
माझं आडनाव नाखवा, म्हणून मला घरचा मानत.
सेंटर बंद करायचं पत्र वाचून ते हसतील वाटलं होतं.
म्हणाले, खडा खुपतो तोवरच शिंपल्यात मोती होतो.
यांनी खडा काढून टाकला आणि शिंपलाच घासत बसले.

छान बोलतात ते. मला मोत्यांतलं कळत नाही.
एवढं कळतं, की शेवटच्या मॉडेलला स्क्रूच नव्हते. गोंद होता.
उघडू नये, बदलून द्यावं, असा आदेश.
शिवी घालायलाही जागा ठेवली नव्हती.

टेबलावरची स्टीलची वाटी तेवढी मी घेतली,
आमिनाच्या रुखवतातली. इतक्या वर्षांचे उरलेले स्क्रू.
तळाला जाडे, वर वर बारीक होत गेलेले,
सगळ्यांत वरचा तिळाएवढा,
आणि त्याच्यावर सहा वर्षांची धूळ.

विमानतळावर तपासणीच्या मुलीनं वाटी उचलली.
हे कशाला नेताय?
रांग मागं कुरकुरत होती.
तळाचा, कोपऱ्यातला, तो पहिला स्क्रू शोधायला
मी वाटी तिच्या ट्रेमध्ये उपडी केली.